झाकण उचलून खात्री केली

गोदातीर बालविज्ञान मंडळाच्या जिल्हा प्रदर्शनात यंदा सत्तावन्न मॉडेल होती. त्यांत एकोणीस पाणी वाचवणारी, बावीस ज्वालामुखी आणि एक आमचं. बाकीची कशाची होती ते ती करणाऱ्यांनाही धड सांगता येत नव्हतं. ज्वालामुखींबद्दल माझी काही तक्रार नाही. ज्वालामुखी फुटला की फुटलेला दिसतो, लोक टाळ्या वाजवतात आणि खायचा सोडा संपला की दुपारी घरी जाता येतं. आमच्या मॉडेलची अडचण अशी, की ते उत्तम चाललेलं असताना काहीच होत नव्हतं.

मॉडेलचं नाव होतं 'क्वांटम गुणधर्मांचे चुकांपासून संरक्षण'. ते मी, म्हणजे वैष्णवी, दहावी ब, आणि माझी मैत्रीण निकिता, आम्ही दोघींनी केलं होतं. पहिल्या नंबराच्या मॉडेलमागच्या मुलीला पुण्याला आठ दिवसांचं शिबिर होतं, आणि तिथे म्हणे खरं क्वांटम यंत्र बघायला मिळणार होतं. जागा एकच. निकिताला प्रवासात गाडी लागते, म्हणून ती जागा तिने मला पहिल्याच दिवशी देऊन टाकली होती. आता फक्त जिंकायचं बाकी होतं.

मला ते हवंच होतं. गेल्या वर्षी मी ताईच्या मॉडेलमागे तीन दिवस तक्त्याची वरची कड धरून उभी होते. एका परीक्षकांनी मला स्टँड समजून माझ्या खांद्यावर फाईल ठेवली, आणि मी ती पडू दिली नाही. यंदा मात्र मी बोलणार होते.

मॉडेल सांगते, दोन मिनिटं लागतील. क्वांटम कणाला एक भारी गोष्ट जमते. 'वर' की 'खाली' हे न ठरवता तो दोन्ही राहू शकतो. मी दहावीत असल्यामुळे ही अवस्था मला पुस्तकाशिवाय कळली. जिन्यात भेटलेल्या कुठल्याही काकूंनी "पुढे काय गं, सायन्स की आर्ट्स?" असं विचारेपर्यंत मी दोन्ही असते. विचारलं की तोंडातून "सायन्स" निघतं आणि मग दिवसभर तेच राहतं. तर या न ठरलेपणाच्या जोरावर ते यंत्र अवघड गणितं सोडवतं. पण जरा ऊब लागली, हादरा बसला, कुणी डोकावलं, की कण गडबडतो आणि गणित चुकतं. म्हणजे चूक दुरुस्त तर करायची, पण आत न बघता.

हे मला सगळ्यात आधी कळलं ते निफाडच्या कारभारी काकांकडून, आणि त्यांनी क्वांटम हा शब्दही ऐकलेला नव्हता. द्राक्षं उतरवताना ते माझ्या हातावर चापट मारून म्हणाले होते, "घड देठाला धरायचा, पोरी. मन्याला बोट लावायचं नाय. ही वरची पांढरी साय एकदा पुसली का परत येत नाय, आन गिऱ्हाईक ती साय बघूनच माल घेतंय."

देठाला धरायची युक्ती आम्हाला जिन्यात सापडली. जिन्यातल्या दिव्याला दोन बटणं असतात, एक खाली आणि एक वर. आमच्या जिन्यात दोन्ही बटणं एकाच बाजूला असली की दिवा बंद राहतो, वेगळ्या बाजूंना असली की लागतो. म्हणजे दिवा एवढंच सांगतो, की ही दोघं जुळतात की नाही. कुठल्या बाजूला आहेत, हे तो सांगत नाही. शहाणा दिवा आहे.

तशाच तीन डब्या आम्ही केल्या. प्रत्येकीत एक बटण, त्याला जोडलेला बाण, आणि वर झाकण. झाकणाच्या भोकातून बोट घालून बटण दाबलं की आतला बाण वरचा खाली होतो, खालचा वर होतो, पण दिसत नाही. पहिली आणि दुसरी डबी जुळत नसेल तर एक लाल दिवा लागतो, दुसरी आणि तिसरी जुळत नसेल तर दुसरा. पाहुण्याने आमची पाठ असताना कुठलीही एक डबी दाबायची. पहिलाच दिवा लागला तर पहिली डबी चुकली, दुसराच लागला तर तिसरी, दोन्ही लागले तर मधली. मग तीच डबी आम्ही एकदा दाबायची. दिवे विझतात, चूक दुरुस्त होते, आणि बाण वर होता की खाली हे आम्हाला शेवटपर्यंत कळत नाही. अट एकच, एका वेळी एकच चूक. दोन एकदम झाल्या तर दिवे भलत्याच डबीकडे बोट दाखवतात.

तारा पप्पांनी जोडून दिल्या. पप्पा ओझरच्या कारखान्यात विमानाचे भाग तपासतात. जोडताना तीनदा म्हणाले, "बघून तर घेऊ दे एकदा, आत काय झालंय. तपासल्याशिवाय आमच्याकडे काही उडत नाही."

"आमच्याकडे तपासलं की उडून जातं," मी म्हणाले, आणि त्यांच्या हातातून झाकणं काढून घेतली.

पहिल्या दिवशी सकाळी नोंदणीच्या टेबलावर मंडळाचे सचिव बोरस्ते साहेब बसले होते. साहेबांनी चौतीस वर्षं एका कचेरीत आवक-जावक सांभाळली होती आणि निवृत्तीनंतर त्यांना विज्ञानाची सेवा करायची होती. त्यांनी माझा अर्ज वाचला आणि रकाना क्रमांक नऊवर पेन ठेवलं. 'मॉडेलच्या आतील घटकांची सद्यस्थिती' असा तो रकाना होता. मी लिहिलं होतं, 'माहीत नाही.'

"मॉडेल तुझंच ना बाळा?"

"हो सर."

"मग आत काय आहे ते तुला माहीत कसं नाही?"

"माहीत नसणं हेच मॉडेल आहे सर."

"'माहीत नाही' असं लिहिता येत नाही. 'वर' लिही, नाहीतर 'खाली' लिही."

"दोन्ही लिहू?"

"एका रकान्यात एकच." त्यांनी माझं 'माहीत नाही' पांढऱ्या शाईने हळुवार पुसलं. "आणि सद्यस्थितीच्या तीन साक्षांकित प्रती जोड."

"सर, क्वांटम अवस्थेची प्रत काढता येत नाही."

"समोरच झेरॉक्सवाला आहे."

"तसं नाही सर. निसर्गाचा नियम आहे. हुबेहूब प्रत निघतच नाही."

साहेबांनी चष्मा वर केला. "नियम कोणत्या तारखेचा? परिपत्रक जोडलंयस?"

निकिता माझ्या कानात म्हणाली, "निसर्गाला अर्ज कर."

शेवटी नववा रकाना तात्पुरता कोरा ठेवून आम्हाला सत्तेचाळीस नंबरचं टेबल मिळालं. रकाना तीन दिवसांत भरून देईन, असं मी लिहून दिलं. सही केली, तारीख घातली. मला मोठं झाल्यासारखं वाटलं, हे कबूल करते.

बोरस्ते साहेब माणूस वाईट नव्हे. सगळा घोटाळा त्यांच्या चांगुलपणानेच झाला. अकरा वाजता ते टेबलापाशी आले आणि आमचा तक्ता त्यांनी मोठ्याने वाचला. 'क्वांटम अवस्थेचे शत्रू : उष्णता, हादरे आणि डोकावणे.' त्यांचा चेहरा गंभीर झाला.

"म्हणजे या मुलींच्या मॉडेलला धोका आहे," ते म्हणाले. "आणि मंडळ नुसतं बघत बसलंय!"

साडेअकराला पाच सदस्यांची क्वांटम संरक्षण समिती स्थापन झाली आणि बाराला तिची पहिली बैठक चहासह पार पडली. उष्णतेवर उपाय म्हणून टेबलावर पंखा आला. पंख्याने टेबल हादरू लागलं, म्हणून टेबलाखाली विटा आल्या. विटा ठेवायला टेबल तीनदा उचललं गेलं. राहिलं डोकावणं. त्यासाठी प्रदर्शन भरलं होतं त्या शाळेचे शिपाई गोटीराम मामा यांची खास पहाऱ्यावर नेमणूक झाली, आणि पहारा नुसताच असून चालत नाही म्हणून एक रजिस्टर उघडण्यात आलं. रकाने असे : वेळ, डबी, बाण वर की खाली, शेरा, सही.

दर तासाला मामांनी तिन्ही झाकणं उचलायची, बाण सुरक्षित असल्याचं बघायचं आणि शेऱ्यात लिहायचं. शेरा साहेबांनी स्वतः घालून दिला होता. मी तो शब्दशः देते : 'झाकण उचलून खात्री केली. कोणीही झाकण उचललेले नाही.'

"सर, बघू नका ना," मी म्हणाले. "बघितलं की सगळं संपतं."

"अगं, आम्ही बघत नाही," साहेब समजावणीच्या सुरात म्हणाले. "आम्ही पाहणी करतो."

मामांनी खरंच पाहणी केली का, हे बघायला एक सदस्य नेमला. त्या सदस्याने मामांच्या शब्दावर सही करणं बरं दिसेना, म्हणून तोही झाकण उचलू लागला. हे दोघे संगनमत करतील म्हणून तिसरा आला. तिसरे गृहस्थ उत्साही होते. झाकण उचललंच आहे तर बटण चालतंय का तेही पाहावं, म्हणून ते प्रत्येक फेरीत दोन डब्या दाबून जायचे. एकदम दोन! दिवे भलत्या डबीकडे बोट दाखवायचे, आम्ही भलतीच डबी दाबायचो, दिवे विझायचे, आणि सगळं चुकलेलं असूनही बाहेरून आनंदीआनंद दिसायचा. निकिताला मोजायचा रोगच आहे. तिने मोजलं, चार वाजेपर्यंत झाकणं एक्काहत्तर वेळा उचलली गेली होती. पाहुण्यांनी त्यांतलं एकदाही उचललं नव्हतं. पाहुण्यांना समिती जवळ येऊच देत नव्हती.

दुसऱ्या दिवशी समितीची पाहणी आणखी कडक झाली आणि लाल दिवे सारखे पेटू लागले. पाण्याची बचत बघायला आलेल्या एका पालकांनी तक्रार केली, की सत्तेचाळीस नंबरवर काहीतरी बिघडलंय. लगेच बैठक झाली. साहेबांनी आकडेवारी मांडली. दिवे पेटण्याआधी एकाही चुकीची नोंद नव्हती. दिवे पेटू लागल्यापासून चुकाच चुका.

"म्हणजे चुका कशामुळे होतात?" साहेबांनी विचारलं.

"दिव्यांमुळे," समिती म्हणाली.

ठराव एकमताने मंजूर झाला. पाच मिनिटांत दोन्ही दिवे काढले गेले आणि टेबलावर पाटी लागली : 'संपूर्ण चूकमुक्त मॉडेल.' साहेबांनी मायेने माझ्या पाठीवर थाप मारली. "आता कसं शांत वाटतंय!"

मी रडले नाही. शेजारच्या ज्वालामुखीचं व्हिनेगर डोळ्यांत गेलं होतं. आमचं मॉडेल आता म्हणजे तीन डब्या होत्या. त्यांत काय चाललंय हे सगळ्यांना माहीत होतं, आणि काही चुकलंय का हे कुणालाच कळणार नव्हतं. परीक्षक दुसऱ्या दिवशी येणार होते. पुणे गेलं होतं.

सहा वाजता हॉल रिकामा होत असताना गोटीराम मामा माझ्याजवळ येऊन टेकले. त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि हळूच उलगडला. आत दोन लाल दिवे होते.

"कचऱ्यात टाक म्हनले होते. नाय टाकले. पोरी, तुझं नेमकं म्हननं तरी काय हाय?"

"कुणी आत बघू नये मामा. एवढंच."

"एवढंच?" मामा हसले. "आगं, मग बंदी कशाला घालायला लावलीस? तक्त्यावर डोकावन्याला शत्रू लिवलंस, हितंच चुकलीस तू. बंदी घातली का मानूस बघाया येनारच. त्यापरीस लिवून टाकायचं."

"काय लिहून टाकायचं?"

"आपल्या शाळंची पान्याची टाकी दर सोमवारी धुतल्याची वही हाय. सोळा वर्सं मी भरतोय. कधी कुनी टाकीवर चढून बघितलंय?"

"पण मामा, टाकी धुता ना?" निकिताने घाबरून बाटलीचं झाकण लावलं.

"धुतो की, लय घासून धुतो. पन ते कुनाला म्हाईत हाय?"

तिसऱ्या दिवशी आम्ही आठ वाजताच पोचलो. दिवे परत बसवले, पंखा आणि विटा काढल्या. मी डोळे मिटून तिन्ही डब्या वेड्यावाकड्या दाबल्या. निकिताने मोजू नये म्हणून मी तिला मोठ्याने सतराचा पाढा म्हणायला लावला. मग दिवे बघून दुरुस्ती केली. दोन्ही विझले. तिन्ही डब्या जुळल्या होत्या. वर जुळल्या की खाली, देवाला माहीत. आणि त्यालाही मी विचारलं नाही.

तेवढ्यात मामांनी रजिस्टर उघडलं आणि सकाळी नऊपासून संध्याकाळी सहापर्यंतच्या सगळ्या नोंदी एका बैठकीत लिहून काढल्या. प्रत्येक नोंदीत बाण वर.

"सगळ्या वरच?" मी विचारलं.

"खाली लिवलं का कारन इचारतेत," मामा म्हणाले.

नऊ वाजता पहिले सदस्य आले. त्यांनी रजिस्टर उघडलं, संध्याकाळी सहापर्यंत सर्व काही सुरक्षित असल्याचं वाचलं, समाधानाने सही केली आणि ज्वालामुखी बघायला गेले. दुसरे आले, पहिल्यांची सही बघून त्यांनी सही केली. तिसऱ्यांनी दोघांच्या सह्या बघितल्या. बटणं दाबणारे ते उत्साही गृहस्थ खरं तर पेटलेल्या दिव्याकडे बघतसुद्धा नव्हते, कारण दिवे काढल्याचा ठराव त्यांच्या फाईलमध्ये होता. त्या दिवशी पाहुण्यांनी चौसष्ट वेळा डब्या चुकवल्या आणि आम्ही चौसष्ट वेळा दुरुस्त केल्या. निकिताला मोजू दिलं, एवढं तर तिला द्यायलाच हवं होतं.

साडेतीनला पुण्याच्या परीक्षक रोहिणी मॅडम आल्या. मी पाठ फिरवली. त्यांनी एक डबी दाबली. मी वळले, दोन्ही दिवे पेटले होते. मधली डबी दाबली, दोन्ही विझले.

"आत बाण वर आहे की खाली?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही मॅडम."

"बघावंसं वाटत नाही?"

"खूप वाटतं मॅडम. म्हणून तर एवढं सगळं करावं लागतं."

मॅडम जोरात हसल्या आणि त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. खांद्यावर फाईल ठेवली नाही. पावणेसहाला निकाल लागला. पहिला क्रमांक, टेबल सत्तेचाळीस! निकिता आणि मी इतक्या जोरात ओरडलो, की शेजारचा ज्वालामुखी आपोआप फुटला.

शिबिरासाठीचं नाव सहा वाजता पुण्याला जाणार होतं. मी धावत बोरस्ते साहेबांच्या टेबलापाशी गेले. साहेबांनी माझा अर्ज काढला, अभिनंदन केलं, आणि रकाना क्रमांक नऊवर पेन ठेवलं. तो अजून कोरा होता.

"हा भरल्याशिवाय नाव पुढे जात नाही बाळा. तू लिहून दिलंयस."

"सर, मॅडमनी 'माहीत नाही' या उत्तराला तर पहिला नंबर दिला."

"मॅडमना गुण द्यायचे असतात. मला फाईल बंद करायची असते." त्यांनी घड्याळ दाखवलं. सहाला सात मिनिटं होती. "अवघड काय आहे त्यात? जा, झाकण उचल, बघ आणि येऊन सांग. मी थांबतो."

मी टेबलापाशी आले. दिवे विझलेले होते. तीन डब्या शहाण्यासारख्या बसल्या होत्या. मी पहिल्या झाकणावर हात ठेवला.

"वैष्णवी," निकिता म्हणाली, "आज चौसष्ट वेळा वाचवलंय त्याला."

"मग पुण्याला काय सांगू?"

गोटीराम मामा दारापाशी खुर्च्या रचत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि परत खुर्च्या रचायला लागले.

मी परत गेले. गेल्या वर्षी तक्ता धरून उभी असलेली मुलगी असती, तर तिचा आवाज इथे नक्की कापला असता. माझा कापला नाही.

"वर आहे, सर."

"नक्की?"

"झाकण उचलून खात्री केली," मी म्हणाले.

साहेबांनी रजिस्टर उघडून पडताळलं. नऊ वाजता वर, दहा वाजता वर, थेट सहा वाजेपर्यंत वर. त्यांचा चेहरा उजळला. "जुळतंय!" ते म्हणाले आणि त्यांनी नवव्या रकान्यात स्वच्छ अक्षरात 'वर' लिहिलं. समोरच्या दुकानातून त्याच्या तीन प्रती आल्या, तिन्हींवर साक्षांकनाचा शिक्का बसला. सहाला एक मिनिट असताना माझं नाव पुण्याला गेलं. आणि तीन दिवसांत पहिल्यांदाच, सत्तेचाळीस नंबरच्या टेबलाकडे कुणी वळूनसुद्धा बघितलं नाही.

पुण्याला जाऊन आले. ते यंत्र मोठ्या बंद पिंपात असतं आणि आत कुणालाही बघू देत नाहीत. मला तिथे अगदी घरच्यासारखं वाटलं.

डब्या आता आमच्या शोकेसमध्ये आहेत, सेल घातलेल्या, दिवे विझलेले. पप्पा रोज धूळ पुसायच्या निमित्ताने तिथे जातात. परवा कारभारी काका आले, मला देठाला धरायला शिकवणारे तेच काका. चहा होईपर्यंत त्यांनी दोनदा झाकणाला बोट लावलं. मी दोघांनाही रागावले.

पण त्यांचं तर घरचंच आहे. तुमचं काय? मी साहेबांना 'वर' म्हणाले, तेव्हापासून तुमच्या डोक्यात एकच चाललंय, की बरं ते असू दे, पण खरं काय होतं? लाजू नका, तुमची सोय केलेली आहे. निघताना गोटीराम मामांनी ते रजिस्टर मला देऊन टाकलं. त्यात पुढची ओळ कोरी आहे. तुम्ही फक्त वेळ घाला आणि सही करा. शेरा मी आधीच लिहून ठेवलाय.